हवापालट अनुज्ञेय नाही

सरकारी भाषेत 'विश्रांती' दोनच ठिकाणी भेटते. एक विश्रामगृहाच्या पाटीवर, आणि दुसरी दिवंगत सहकाऱ्याच्या शोकसभेत, मागे 'चिर' लावून. या दोन मुक्कामांच्या मधे कर्मचाऱ्याला मिळते ती रजा. आणि रजा हक्क म्हणून मागता येत नाही, हे वाक्य त्याला नोकरीला लागल्या लागल्या कुणीतरी ऐकवतंच. मी स्वतः ते आजवर दोनेकशे जणांना ऐकवलं असेल. माझं कामच ते आहे. डहाणूतल्या एका कार्यालयात मी आस्थापनेच्या टेबलावर बसतो आणि किरकोळ रजेपासून रजा प्रवास सवलतीपर्यंत, माणसाच्या पळून जाण्याच्या सगळ्या वैध वाटा माझ्या टेबलावरून जातात.

मी मूळचा बार्शी तालुक्यातला. अकरा वर्षांपूर्वी नेमणुकीचा आदेश आला तेव्हा डहाणू कुठे आहे यावर घरात वाद झाला. वडील म्हणाले गुजरातेत, चुलते म्हणाले समुद्रात, आणि आईने विचारलं, "तिथं भाकरी खातात का?" तिघांचंही थोडं थोडं बरोबर निघालं. सरावलीत चिकूच्या वाडीला लागून एक खोली भाड्याने घेतली. "तात्पुरतं आहे काका, बदली होईलच," असं घरमालकांना पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. ते आजही लग्नकार्यात माझी ओळख करून देताना म्हणतात, "हे आमचे भाडेकरू. तात्पुरते आहेत."

परवा पुण्याहून भाचा आला होता. त्याला जगातल्या सगळ्या नोकऱ्यांचे नियम पाठ असतात, स्वतःला अजून एकही लागलेली नाही. म्हणाला, "मामा, अमेरिकन सरकार बघा आपल्या माणसांची कशी सोय करतं." मग त्याने सांगितलं ते असं. तिथल्या परराष्ट्र खात्याच्या माणसाला अवघड ठिकाणी पाठवलं, म्हणजे जिथे हवा वाईट, दवाखाना लांब, गुन्हे फार किंवा एकटेपणा जास्त, तर त्याला मूळ पगारावर 5 पासून 35 टक्क्यांपर्यंत कष्टभत्ता मिळतो. शिवाय विश्रांतीसाठी वेगळा प्रवास. दोन वर्षांच्या नेमणुकीत एकदा, तीन वर्षांच्या नेमणुकीत दोनदा, बायकामुलांसकट सरकारी खर्चाने कुठेतरी बऱ्या हवेच्या जागी जाऊन यायचं. 1980 सालच्या त्यांच्या कायद्यात तशी तरतूदच आहे.

"म्हणजे हवापालट," मी म्हणालो. आमची आजी न्यूमोनियातून उठल्यावर हवापालटाला पंढरपूरला गेली होती, तिला कायदा लागला नव्हता.

"आणि अवघड ठिकाणं कुठली रे?"

त्याने आफ्रिकेतली चार नावं घेतली, आशियातली घेतली, आणि म्हणाला, "आपली मुंबई आहे की त्यात."

मी चहाचा कप खाली ठेवला. ज्या मुंबईला बदली व्हावी म्हणून आमच्या तालुक्यातले निम्मे कर्मचारी देव पाण्यात घालून बसले आहेत, ती मुंबई कुणाची तरी काळ्या पाण्याची जागा आहे! वांद्रे-कुर्ला संकुलात वातानुकूलित खुर्चीवर बसलेला गोरा अधिकारी मुंबईला वैतागून विमानाने हवापालटाला जातो. त्याच मुंबईतला माणूस मुंबईला वैतागून शनिवारी बोर्डीच्या सुरूच्या बनात येतो. आणि बोर्डीच्या शेजारचा आमच्यासारखा माणूस डहाणूला वैतागून मुंबईमार्गे घाटावर पळतो. हा सगळा प्रवासखर्च एकत्र केला तर प्रत्येकाला आहे तिथे बसून पंखा घेऊन देता येईल. पण असं टिपण मी वर पाठवलं तर माझीच बदली व्हायची.

तसं पाहिलं तर सरकारी हवापालट ही आमच्याच जिल्ह्याची देणगी म्हणायला हरकत नाही. पालघर जिल्हा वेगळा झाला तो 1 ऑगस्ट 2014 ला. त्याआधी आम्ही ठाण्यात. आणि 1850 च्या मे महिन्यात याच ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट चौक गावी मुक्कामाला असताना समोरचा डोंगर चढून गेले, वर गार वारा लागला, आणि माथेरान सापडलं. मे महिना, कलेक्टर आणि गार वारा, एवढं जुळून आल्यावर गाव वसायला किती वेळ लागतो? ही फाईल माझ्या टेबलावर आली असती तर मी पहिला आक्षेप काढला असता : सदर चढाई दौरा समजावी की रजा, याचा खुलासा व्हावा. महाबळेश्वर तर त्याआधीच, 1828 पासून, गव्हर्नर माल्कम साहेबांच्या कृपेने चालू झालं होतं. पुढे मुंबई सरकारच उन्हाळ्यात महाबळेश्वरला आणि पावसाळ्यात पुण्याला मुक्काम हलवायचं. म्हणजे हे लोक रजेवर जाताना राज्यकारभार सोबत न्यायचे. आमच्याकडे उलट आहे. माणूस जागेवर असतो, कारभार रजेवर असतो. एवढ्यानेही साहेबलोकांचं भागलं नाही. 1924 साली ली आयोगाने शिफारस केली की वरच्या गोऱ्या अधिकाऱ्यांना नोकरीभरात चार वेळा विलायतेला जाऊन यायचं भाडं सरकारने द्यावं. स्वग्रामच ते. फक्त ग्राम जरा लांब होतं.

स्वग्राम. काय गोड शब्द आहे! सरकारी शब्दकोशात मला मनापासून आवडणारा हा एकच. राज्य कर्मचाऱ्याला दोन वर्षांच्या गटवर्षात एकदा स्वग्रामी जाण्याची सवलत, आणि चार वर्षांच्या गटवर्षात एकदा 'महाराष्ट्र दर्शन'. पण त्याआधी आपलं गाव कोणतं हे घोषणापत्रावर लिहून द्यावं लागतं, आणि एकदा लिहिलं की मन बदललं म्हणून गाव बदलत नाही. मग रजा मंजूर हवी, प्रवास नजीकच्या मार्गाने हवा, तिकिटं मूळ हवीत, आणि कुटुंब हे नियमातल्या व्याख्येत बसणारं हवं. माझी आत्या मला आईच्या जागी आहे. नियमाला ती आत्याच्याच जागी आहे. प्रवास एका रात्रीचा, देयकाचा प्रवास एका वर्षाचा. माझ्या स्वतःच्या एका देयकावर वरून शेरा आला होता : दादर येथे पश्चिमेकडून पूर्वेकडे जाण्याचे प्रयोजन नमूद करावे. मी लिहिलं, सिद्धेश्वर एक्स्प्रेस पूर्वेकडून सुटते, तिने पश्चिमेला येण्यास नकार दिला आहे. पुढचे पाच महिने देयक दिसलं नाही.

आता अवघड क्षेत्राचं सांगतो, कारण खरी मजा तिथे आहे. अमेरिकेला जे करायला परराष्ट्र खातं लागतं ते आपण जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी करून ठेवलं आहे. 27 फेब्रुवारी 2017 च्या शासन निर्णयाने प्राथमिक शिक्षकांच्या बदल्यांसाठी गावांची वाटणी झाली, सर्वसाधारण क्षेत्र आणि अवघड क्षेत्र. अवघड क्षेत्रात तीन वर्षं काढली की बदली मागायचा अधिकार. 7 एप्रिल 2021 ला सुधारित निर्णय आला आणि अवघड म्हणजे नेमकं काय याचे सात निकष ठरले. त्यांतले किमान तीन बसायला हवेत. गाव नक्षलग्रस्त किंवा पेसा कायद्याखालच्या आदिवासी क्षेत्रातलं आहे का, पाऊस फार आहे का, हिंस्र प्राण्यांचा उपद्रव आहे का, वाहतुकीची सोय नाही का, डोंगराळ आहे का, महामार्गापासून दहा किलोमीटरहून लांब आहे का. आणि सातवा, माझा लाडका : 'संवाद छायेचा प्रदेश'. म्हणजे जिथे मोबाईलला रेंज नाही. ज्या कारकुनाने हा शब्द घडवला त्याला साहित्य अकादमी द्यायला हवी. मी पर्जन्यछायेत जन्मलो आणि संवादछायेत नोकरी करतो, असं आत्मचरित्राचं पहिलं वाक्य मला त्याने फुकट दिलं.

डहाणू-तळासरीला पेसाचा निकष जन्मजात मिळतो, दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रातच आहेत. उरले दोन, ते कमवावे लागतात. आणि तिथे गुरुजी लोकांची पंचाईत होते. रस्ता व्हावा म्हणून ग्रामसभेत गावाच्या बाजूने सगळ्यात मोठ्याने बोलणारे गुरुजीच, आणि रस्ता झाला की वाहतुकीचा निकष हातचा जाणारेही गुरुजीच. एका पाड्यावर मोबाईलचा टॉवर उभा राहिला त्या दिवशी पोरांनी टाळ्या वाजवल्या. गुरुजींनीही वाजवल्या, पण मधे मधे थांबून. यादी फेरतपासणीला आली तेव्हा मी शाळाशाळांना फोन लावत होतो. एक फोन पहिल्या रिंगला उचलला गेला.

"गुरुजी, तुमच्याकडे रेंजची काय परिस्थिती?"

"अजिबात नाही हो भाऊसाहेब. महिना महिना फोन लागत नाही."

"मग हा कसा लागला?"

थोडा वेळ शांतता. मग आवाज आला, "हॅलो? हॅलो? ऐकू येत नाहीये..."

मी त्या रकान्यात 'अंशतः' असं लिहिलं. माणूस माणसाला जेवढी मदत करू शकतो तेवढी करावी.

2018 च्या नोव्हेंबरपासून आमच्याकडे धुंदलवाडीच्या आसपास भूकंपाचे धक्के बसायला लागले, तेव्हा पोरं घरात झोपेनात, वर्ग तंबूत भरायला लागले. एका शिक्षकाने पुढे मला गंभीरपणे विचारलं की सात निकषांत भूकंप कुठे आहे. मी निर्णय दोनदा वाचला. भूकंप नाही. जमीन हलणं हे शासनाच्या दृष्टीने सर्वसाधारण आहे.

पैशाचं म्हणाल तर आदिवासी भागातल्या कर्मचाऱ्यांना 6 ऑगस्ट 2002 च्या निर्णयाने 'एकस्तर' मिळतो. म्हणजे इथे आहात तोवर वरच्या पदाचं वेतन, बदली झाली की परत खाली. त्यामुळे आमच्याकडे बदलीचा आदेश आलेला माणूस एका डोळ्याने हसतो आणि दुसऱ्या डोळ्याने वेतनचिठ्ठी बघतो. केंद्र सरकारचा याहून शास्त्रशुद्ध प्रकार आहे. सातव्या वेतन आयोगाने जोखीम आणि कष्ट यांचा चौकोनी तक्ता आखला, एका बाजूला जोखीम, दुसऱ्या बाजूला कष्ट, आणि सगळ्यांच्या वर एकटं सियाचीन : 2017 मध्ये सरकारने तिथे अधिकाऱ्यांना महिना 42,500 आणि जवानांना 30,000 रुपये ठरवले. तिथल्या थंडीपुढे मी गप्प बसतो. पण मार्च अखेरीला आमच्या लेखा शाखेला त्या तक्त्यात एखादा चौकोन मिळायला हवा होता असं वाटतं.

शुक्रवारी संध्याकाळी डहाणू रोड स्टेशनच्या पुलावर उभं राहावं. विरारची लोकल एप्रिल 2013 मध्ये इथवर आली, आणि तेव्हापासून हा देखावा दर आठवड्याला फुकट आहे. गाडीतून मुंबईची माणसं उतरतात : टोप्या, गॉगल, चाकांच्या बॅगा, एकाच्या हातात गाणी ओकणारा डबा. त्याच गाडीने परत निघालेली आमची माणसं जिन्यावर चढत असतात : खांद्याला पिशवी, कडेला टिफिन, चेहऱ्यावर सुटका. यांतले काही 'अप-डाऊन'वाले. कागदोपत्री ते मुख्यालयी राहतात, तसा ग्रामसभेचा ठरावही असतो. फक्त रात्री झोपायला तेवढं विरारला जातात. दोन लोंढे जिन्यावर समोरासमोर येतात. दोघेही सुट्टीवर. दोघेही आपापल्या अवघड क्षेत्रातून निसटलेले.

एकदा त्या जिन्यावरच एका बाईंनी मला अडवलं. ताज्या हवेचे दोनच श्वास घेतले होते त्यांनी, पण डोळे मिटून. म्हणाल्या, "तुम्ही इथेच राहता? किती भाग्यवान आहात हो! आम्ही बघा, वर्षभर त्या गर्दीत."

"खरंय," मी म्हणालो, आणि त्या गर्दीत जाण्यासाठी धावत सुटलो. गाडी चुकली असती तर दादरला सिद्धेश्वर चुकली असती.

त्या खेपेला पिशवीत चिकू होते. घोलवडच्या चिकूला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळे आता तो नुसता नेता येत नाही, मिरवत न्यावा लागतो. जाणकार माणूस चिकू कच्चेच घेतो. दगडासारखे, अंगावर भुरा, देठाशी चीक. एकेक वर्तमानपत्रात गुंडाळायचा. हिशेब असा की वाणगाव, बोईसर, पालघर करत विरार येईतो तो झोपलेला असतो, कल्याणला कूस बदलतो, पुण्यानंतर मऊ पडायला लागतो आणि कुर्डुवाडीला पहाटे पिशवीत हात घातला तर बोट आत जातं. बार्शीत पोचेतो अग्रलेखासकट हलवा. आमची आई तो कागद सोलून खाते आणि म्हणते, "तुझ्याकडची फळं वाचायला बरी असतात." सुकट मात्र मी एकदाच नेली. त्या रात्री डब्यातल्या सहप्रवाशांनी मला जी वागणूक दिली, ती त्या जोखीम-कष्टाच्या तक्त्यात सियाचीनच्या लगेच खाली बसली असती. परतीला दहा किलो ज्वारी, शेंगांची चटणी आणि कडक भाकऱ्यांची चवड. कडक भाकरी महिना टिकते. सरावलीच्या दमट हवेत ती आठव्या दिवशी वाकते, पण मोडत नाही. सोलापूरकडचा माणूस असाच असतो असं मी घरमालकांना सांगत असतो.

गेल्या हिवाळ्यात गडचिरोलीहून एक कुटुंब आलं. कर्ता माणूस तिकडच्या एका कार्यालयात माझ्यासारखाच आस्थापनेवर. एका प्रशिक्षणात आमची ओळख झाली होती. त्याने 'महाराष्ट्र दर्शन' सवलतीसाठी बोर्डी निवडली होती, कारण मुलांनी समुद्र पाहिला नव्हता. म्हणजे एका अवघड क्षेत्रातला माणूस विश्रांतीसाठी दुसऱ्या अवघड क्षेत्रात आला होता, दोन्ही टोकांना एकस्तर चालू. मी त्यांना किनाऱ्यावर घेऊन गेलो. ओहोटी होती, पाणी मैलभर आत गेलेलं. धाकटा मुलगा बघत राहिला आणि म्हणाला, "काका, आज बंद आहे का?" त्याच्या बापाने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, चिखलात उभा राहिला आणि हळूच विचारलं, "तुम्ही रोज येत असाल नाही इथं?" मी आठ महिन्यांनी आलो होतो. मग आम्ही दोघे वाळूवर बसलो आणि रुग्णालयाच्या व्हरांड्यात दोन म्हातारे आजारांची तुलना करतात तशी नेमणुकांची तुलना केली. तो म्हणाला वाघ. मी म्हणालो भूकंप. तो म्हणाला नक्षल भागाचे 15 टक्के, पण कमाल 1500 रुपये. मी म्हणालो दमट हवेने फायलींना बुरशी. तो म्हणाला पावसाळ्यात संपर्क तुटतो. मी म्हणालो आमचा शनिवारी तुटतो, सगळे पर्यटक एकाच टॉवरवर व्हिडिओ चढवतात. शेवटी तोच जिंकला, पण ताडगोळ्यांचे पैसे मी दिले.

जाता जाता कोसबादची टेकडी दाखवली, आणि ते मी करायला नको होतं. कारण त्याने विचारलं इथे कोण राहत होतं. सांगावं लागलं की ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, 1957 मध्ये कोसबादला आल्या. पोरं शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच अंगणात नेली, गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणात नेली. अनुताई 1992 पर्यंत, शेवटपर्यंत याच भागात. "सत्तेचाळीस वर्षं?" त्याने बोटांवर हिशेब केला. "स्वग्रामची किती गटवर्षं झाली ही?" मी म्हणालो साडेतेवीस. मग गाडीत बराच वेळ कोणी भत्त्यांविषयी बोललं नाही. कोसबादची टेकडी आमच्या खात्याच्या लोकांना जरा आडवाटेनेच दाखवावी.

परदेशातली अवघड नेमणूक असा शब्दप्रयोग भाच्याने केला होता, तेव्हा मला हसू आलं होतं. नंतर आठवलं की ती आमच्याकडेही आहे. पावसाळा सरला की इथली कितीतरी माणसं गुजरातेतल्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. वेरावळ, पोरबंदर, ओखा. समुद्रात रेघ आखलेली नसते. एखादी बोट पलीकडे सापडते आणि खलाशी कराचीच्या तुरुंगात जाऊन पडतात, काही वर्षांसाठी. सुटले तर वाघा सरहद्दीवरून चालत येतात. त्यांची घोषणापत्रं कोणाच्या टेबलावर असतात मला ठाऊक नाही, माझ्या नाहीत. वीटभट्टीवर गेलेली कुटुंबं तेवढी शिमग्याला हटकून परत येतात. टेम्पोच्या मागे भांडी, कोंबड्या, पोरं आणि वर उभी असलेली म्हातारी. स्वग्राम म्हणजे काय ते पाहायचं तर होळीच्या आदल्या दिवशी चारोटी नाक्यावर पाहावं. नजीकचा मार्ग, तिकीट नाही, देयक नाही.

आमचे शिपाईकाका सरावलीचेच. वारली. नोकरीची तीस वर्षं होत आली आणि त्यांनी कधी रजा प्रवास सवलत घेतली नव्हती. मलाच वाईट वाटलं. म्हटलं, "काका, हक्काचं आहे," आणि त्यांचा अर्ज स्वतःच्या हाताने भरला. मुख्यालय डहाणू, स्वग्राम सरावली. प्रवासाचे साधन : शेअर रिक्षा. अर्ज पाच दिवसांत परत आला. आस्थापनेवर माझी अकरा वर्षं गेली, पण इतक्या वेगाने आलेला आक्षेप मी पाहिलेला नाही : संबंधित कर्मचारी दररोज स्वग्रामी ये-जा करीत असल्याने सवलत अनुज्ञेय नाही.

काकांना वाचून दाखवलं. ते विचारात पडले. "म्हणजे मी गावाला जातो तो गावाला जात नाही?"

"सरकारी दृष्टीने तुम्ही गावातच आहात, काका."

"ते तर मी पण सांगतोय."

मग 'महाराष्ट्र दर्शन' काढलं. काकांना विचारलं कुठे जायचंय. ते म्हणाले पंढरपूर, आई नेहमी नाव काढायची. आणि तिथून तुमचं बार्शी किती लांब? मी म्हणालो या की, भगवंताचं देऊळ दाखवतो. मीही मे महिन्यात घरीच असणार होतो. काका, काकू आणि एक नात असे तिघं कुर्डुवाडीला उतरले तेव्हा सकाळचे साडेआठ झाले होते आणि फलाटाला चप्पल चिकटत होती. काकांनी आणलेली चिकूंची पिशवी माझ्या आईने उघडली. आत टणक, भुऱ्याचे, अर्धकच्चे चिकू, एकही फुटलेला नाही. काकांनी ते वर्तमानपत्रात नाही, गवतात बांधून आणले होते.

दोन दिवस ते राहिले. पहिल्या दिवशी काका माळावर फिरून आले आणि विचारलं, "झाडं तोडली का कुणी?" मी म्हणालो नाही, इथे इतकीच असतात. दुसऱ्या दिवशी सकाळी टँकर आला. आमची आई घागरी घेऊन पळाली, मी बादल्या घेऊन पळालो, वडील पाईप धरून ओरडत होते. काकू पदर खोचून रांगेत उभ्या राहिल्या. पाण्यासाठी या वेगाने धावणारी माणसं त्यांना नवी नव्हती, पण मोटारीतून येणारं पाणी नवं होतं. दुपारी 42 अंशात आम्ही सगळे आमच्या वाड्यातल्या एकुलत्या एक कडुलिंबाखाली बसलो. पंख्याला वीज नव्हती. फोन काढला तर रेंज नव्हती. मासे शनिवारी मिळतात म्हटलं, आणि त्या दिवशी मंगळवार होता. नातीने दोनदा विचारलं की समुद्र कुठल्या बाजूला आहे.

काकांनी मांडीवरची टोपी उलटीसुलटी केली. माझ्या आईकडे बघितलं, वडिलांकडे बघितलं, मग माझ्याकडे सरकून आवाज खाली आणला.

"भाऊ, राग मानू नका. इथं राहायचे यांना किती देतात?"